दगडावरचा चौथा

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं आजही भांडायला येतील, आणि भांडताना मुद्द्याचं सोडून बाकी सगळं बोलतील. एवढंच समजा, की गुंजी स्टेशनात उतरून दोन कोस चाललं की ते लागतं. भाताची खाचरं, मागे जंगल, मधोमध चावडी आणि ओढ्यापलीकडे महारवाडा. त्या महारवाड्यात मष्णू नाईक राहायचा. नाईक हे त्याचं आडनाव नव्हे. ते त्यानं पलटणीत दंडावर दोन फिती लावून मिळवलं होतं. गावानं मात्र ते कधी तोंडातून काढलं नाही. गावाला तो जन्मभर मष्ण्याच होता.

अंगानं उंच, वाळका, आणि बांधावरून चालला तरी असा चालायचा, की वाटावं मागून पलटण येते आहे. बायको गुणाबाई त्याला हसायची. "गुरं भ्यात्यात तुमच्या चालण्याला," म्हणायची. घरात त्याचा आवाज कधी चढला नाही. लावणीच्या दिवसांत गुणाबाई उजाडायच्या आत शेतावर जायची, तेव्हा दोन्ही पोरींच्या वेण्या तोच घालायचा. अंगणात बसून, गुडघ्यात पोरीचं डोकं धरून. वाड्यातले बापये दात काढायचे. तो म्हणायचा, "हसा. तुमच्या पोरींच्या डोक्यात उवा हायत, माझ्या पोरींच्या न्हाईत."

असा हा माणूस. त्याचं वाटोळं कशानं झालं, ते सांगतो.

बाप पटकीत गेला तेव्हा मष्णू बारा वर्षांचा होता आणि धाकटा शामू पाचांचा. आई अक्काताई दिवसभर लोकांच्या खळ्यावर, त्यामुळे शामूला मष्णूनंच वाढवला म्हटलं तरी चालेल. शामू म्हणजे नुसतं वारं प्यालेलं वासरू. मष्णू जाईल तिथं तो, मष्णू खाईल ते त्याला.

महारांना पलटणीत घ्यायचं सरकारनं पंचवीस वर्षांपूर्वी बंद केलं होतं. का, ते सरकारला विचारा. सतरा साली विलायतेची लढाई लांबली, माणसं पुरेनाशी झाली, तशी सरकारला महारांची आठवण झाली. खानापूरहून हुकूम आला, की या गावानं अकरा माणसं द्यावीत. रवळू पाटलानं गावातून सात जमवली. कुणी घरात भांडून निघालेला, कुणी भावांना वाटणीत नकोसा झालेला. सातावर गाडी अडली. मग पाटील ओढ्यापर्यंत आला. ओढा त्यानं ओलांडला नाही, पण काठावर उभं राहून हाक मारली, "मष्णू, बाबा, जरा यं की रं इकडं."

पाटलाच्या तोंडून 'बाबा' ऐकायची मष्णूची ती पहिलीच वेळ. वाड्यातून चौघे तयार झाले. त्यात शामू. अक्काताईनं मष्णूचा हात धरला.

"तू जा. त्येला ठेव. एक तरी माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

शामूनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. शेवटी मष्णूच आईला म्हणाला, "माझ्या डोळ्यांफुडंच असंल की त्यो, आये. जसा नेतो तसा आणून देतो."

माणूस बोलून जातो. अकरा माणसं दिल्याबद्दल पाटलाला बेळगावात साहेबाच्या हातून जरीचं पागोटं मिळालं. अकरांबद्दल. हा आकडा ध्यानात असू द्या.

सरहद्दीवरच्या एका उघड्या टेकाडावर शामू गेला. पाणी आणायला खाली झऱ्यावर उतरला होता, पाठीवर पखाल होती. वरून कुणीतरी एकच गोळी झाडली. मष्णू पोचला तेव्हा पखालीतलं पाणी आणि शामूचं रक्त एकाच उतारानं चाललं होतं. त्यानं भावाला स्वतःच्या हातानं मूठमाती दिली, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे रचले, आणि दुसऱ्या दिवशी पलटण पुढं निघाली. ते टेकाड त्याला पुन्हा दाखव म्हटलं असतं, तर दाखवता आलं नसतं. तिथली सगळी टेकाडं सारखीच.

लढाई सरली, पलटण मोडली, एकवीस साली मष्णू परत आला. अंगात लोकरीचा कोट, छातीला बिल्ला, गुणाबाईसाठी पेशावरची फणी. आईला त्यानं काय सांगितलं आणि कसं सांगितलं, ते दोघांतच राहिलं. अक्काताई रडली, पण रडून मोकळी झाली नाही. माती दिलेली तिनं पाहिली नव्हती. पितरांच्या महाळाला घास ठेवायचा तर तो कुठं ठेवायचा, हेच तिला कळेना. "कुटं तरी त्येचं काय तरी पायजे रं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

परत येऊन आठ दिवस होतात न होतात तोच मष्णूच्या घरावर येसकराची पाळी आली. येसकर म्हणजे चावडीच्या दाराशी काठी घेऊन दिवसभर उभा राहणारा महार. वाड्यातल्या घराघरांवर ही पाळी फिरून यायची. काल हाताखाली दहा शिपाई होते, आज हातात घुंगराची काठी. मष्णूनं पाटलाला जोहाराऐवजी सलाम ठोकला. पाटील हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. हितं जोहारच बरा."

येसकरानं चावडीवर खबर द्यायची एक रीत होती. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचं जनावर मेलं, कुठं पाळणा हलला, कुठं मयत झालं, ते ओढ्याअलीकडचं सगळं आधी सांगायचं आणि थांबायचं. मग कुलकर्णी, मर्जी असली तर, विचारायचे, "आणि तुमचं?" विचारलं तर वाड्याचं सांगायचं. नाही विचारलं तर काठी घेऊन बाजूला व्हायचं. आपलं आपणहून पुढं करायचं नाही. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती. पोरांना चालायला शिकवतात तशी ती शिकवली जायची.

त्या दिवशी कुलकर्णी कसलातरी छापील कागद घेऊन बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गावातले कोण कोण गेले होते रे लढाईला? तू पण होतास तिकडे, तुला ठाऊक असेल."

मष्णू टाचा जुळवून उभा राहिला आणि त्यानं सात नावं सांगितली. त्यातली मेलेली तीन वेगळी सांगितली. खणखणीत सांगितली, पलटणीत हजेरी देतात तशी. आणि थांबला.

कुलकर्ण्यांनी लिहिलं, वाळू टाकली, झटकली, कागद दुमडला. "आणि तुमचे?" ते म्हणाले नाहीत. मष्णू काठी घेऊन बाजूला झाला.

कागद कशाचा होता ते त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर? मला विचाराल तर, माहीत असतं तरी तो थांबलाच असता. चार वर्षांची पलटण पायांत भिनली होती. जिभेपर्यंत ती पोचली नव्हती.

पुढच्या वर्षी गुंजी स्टेशनावर मालगाडीतून एक लाकडी खोकं उतरलं. सरकार म्हणे गावोगावी दगड बसवणार होतं, कुठल्या गावातून किती माणसं लढाईला गेली आणि त्यातली किती कामी आली ते सांगणारा. नावं नाहीत, नुसते आकडे. पण अक्काताईच्या कानावर ते गेलं आणि म्हातारी एकदम हलकी झाली. शामूचं काहीतरी येणार होतं. तिनं अंगण सारवलं, जणू तो दगड तिच्याच दारात बसवणार होते.

खोकं आणायचं काम अर्थात महारांचं. बांबूला बांधून चौघांनी ते दोन कोस खांद्यावरून आणलं, त्यात मष्णू एक. वाटेत खांदा बदलायला थांबले तेव्हा तो बाकीच्यांना म्हणाला, "जपून रं. आत आपला शामू हाय."

चावडीसमोर खोकं फोडलं. पांढरा संगमरवर, हातभर लांब. वर इंग्रजी, खाली मराठी. मष्णू पलटणीच्या शाळेत अक्षरं शिकला होता. त्यानं वाचलं. या गावातून लढाईला ७ माणसं गेली. त्यांपैकी ३ जणांनी प्राण दिले.

त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याच्या डोळ्यांपुढं तो दुमडलेला कागद आला.

"पाटील," तो म्हणाला, "ह्ये चुकलंय. आमी चार हाय की. आमचा शामू मेलाय."

रवळू पाटील हा काही दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट असता तर मष्णूला त्याचा नुसता राग धरून जगता आलं असतं. पाटलाला खरोखरच नवल वाटलं. "आरं पण तूच सांगितलास की नावं. कुलकर्ण्यांनी तुज्याच तोंडनं लिवून घेतलंय. सात सांगितलास, सात आली."

"पागोटं अकराचं मिळालं न्हवं तुमास्नी?"

हे मात्र लागलं. पाटलाचा चेहरा बंद झाला. "मष्ण्या, लढाईवर जाऊन तोंड लई सुटलंय तुजं. सरकारी दगूड हाय. त्येला कोण हात लावतंय? चला, बसवा."

आणि ज्यानं भावाला माती दिली, त्यानंच भावाला वगळलेला दगड चावडीच्या भिंतीत बसवायला चुना कालवला.

अक्काताई चावडीसमोरच्या पिंपळाखाली उभी होती. तिथवर यायला वाड्याला मोकळीक होती, कामाशिवाय पुढं नव्हती. मष्णू चुन्याचे हात घेऊन तिच्याकडे गेला, तेव्हा तिनं लांबूनच डोळे बारीक करून विचारलं, "ह्यात आपला शामू कंचा रं?"

मष्णूनं वळून बघितलं. उन्हात आकडा काळा चमकत होता.

"त्यो तीन दिसतोय न्हवं, आये? त्यातला तिसरा आपला."

एवढं एकच खोटं तो आईशी बोलला. दयेपोटी बोलला असं मी म्हटलं असतं, पण ते निम्मंच खरं. मेलेल्या भावाचं नाव आपणच गिळलं, हे आईला सांगायची त्याची छाती झाली नाही. गोळीसमोर जी छाती झाली, ती तिच्यासमोर झाली नाही.

त्यानं खानापूरला अर्ज केला. अकरा महिन्यांनी उत्तर आलं, की गावकामगारांनी दिलेल्या यादीप्रमाणे आकडा बरोबर आहे, फेरफाराचं कारण दिसत नाही.

इकडे अक्काताई सुखात होती. दर महाळाला नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीचं कोरड्यास पिंपळाच्या मुळाशी ठेवून ती त्या तिनाकडे बघत बसायची. तिसऱ्याकडे. तीन वर्षं असं चाललं.

चौथ्या महाळाला गावातली यशोदाबाई चावडीपाशी आली. तिचा थोरला लढाईत बसऱ्याकडे मेला होता. तिनं दगडाला हळद लावली, पान मांडलं, पदरानं डोळे पुसले आणि अक्काताईला बघून म्हणाली, "तू कुणाला ठेवलीस गं भाकरी?"

"माज्या शामूला. त्यो तिसरा."

यशोदाबाई बिचारी सरळ बाई. तिला कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं. तिनं बोटं मोजली. "तिसरा कसा गं? माजा एक, वरल्या आळीतला एक, आन् सुताराच्या शेजारचा एक. झालं की तीन. तुमचा ह्यात कुटला आला?"

अक्काताईनं काही वाद घातला नाही. तिनं भाकरी उचलली, मातीही झटकली नाही, आणि ओढा उतरून घरी आली. मष्णू पोरीची वेणी घालत होता.

"मष्णू, खरं बोल. त्यो दगडावर हाय का न्हाय?"

मष्णूचे हात केसांतच थांबले. "न्हाय, आये."

म्हातारीनं हातातली भाकरी खाली ठेवली. मग तिच्या तोंडावर जे आलं, त्याची मष्णूला जन्मभर धडकी बसली. ती हसली.

"मंग त्यो मेलाच न्हाय म्हण की."

"आये, म्या ह्या हातानं..."

"तू एकदा खोटं बोललास. आता तुजं कशाला ऐकू? सरकारनं मेल्याली मोजली. त्यात माजा न्हाय. म्हंजी जित्ता हाय."

त्यानं आण घेतली, पाय धरले, टेकाड सांगितलं, पखाल सांगितली. म्हातारी मान हलवायची आणि लुगड्याच्या निऱ्या खोचायची. दुसऱ्या दिवसापासून ती गुंजी स्टेशनावर जाऊ लागली. सकाळच्या गाडीला. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं. गाडी यायची, चार माणसं उतरायची, ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन जायची. गुणाबाई लावणी सोडून तिला आणायला जायची आणि चिडून मष्णूला म्हणायची, "तुमच्या त्या एका शब्दानं माजी सासू रानभरी केली." मष्णू ऐकून घ्यायचा. चूक होतं का ते?

सात वर्षं अक्काताई गाडीला गेली. पाय थकले तेव्हा मष्णू तिला पाठुंगळी घेऊन न्यायचा. चाळिशीचा माणूस, एकेकाळचा नाईक, पाठीवर आई, आणि ज्याला स्वतः पुरलं तो गाडीतून उतरतो का ते बघायला निघालेला. स्टेशनावरचे हमाल आधी हसले. मग हसायचे थांबले. वारली त्या दिवशी अंगात ताप होता, तरी तिनं विचारलं, "गाडी आली का रं?" मष्णू म्हणाला, "आली, आये." पुढं तिनं काही विचारलं नाही.

त्यानंतर मष्णूच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली. दगडावरच्या त्या तिनाचा चार झाला पाहिजे. आईला सांगितलेलं खोटं, ती गेल्यावर का होईना, खरं झालं पाहिजे. पोरींची लग्नं निपाणीकडे झाली. जावई तंबाखूच्या वखारीत कामाला होते. शेंडेफळ परशराम घरी होता. बापाची उंची आणि आजीचं हसू घेऊन आलेला. मष्णूनं त्याला कोळशानं भिंतीवर अक्षरं गिरवून शिकवलं, डोक्यावर पाण्याची घागर ठेवून ताठ चालायला शिकवलं. गुणाबाई म्हणायची, "त्येला पलटणीचं चालणं कशाला शिकवतासा? भात लावायला वाकावं लागतंय." पण बापलेक जोडीनं बांधावरून चालले की तीही दारात उभी राहून बघायची.

एकेचाळीस साल. पुन्हा लढाई, पुन्हा माणसं कमी, पुन्हा महारांची आठवण. बेळगावात महारांची नवी पलटण उभी राहत होती. रवळू पाटील आता म्हातारा झाला होता. काठी टेकत तो ओढ्यापर्यंत आला, आणि यावेळी ओलांडून वाड्यात आला. मष्णूच्या अंगणात उभा राहिला.

"मष्णू, बाबा, धा माणसं पायजेत गावातनं."

मष्णू उठला नाही. दगड बसल्यापासून एकोणीस वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. "गावातनं पायजेत तर गावात बगा, पाटील. आमी गावात न्हाय. दगडावर लिवलंय."

पाटलानं दीर्घ श्वास सोडला. "तुज्या मनातनं त्ये गेलंच न्हाय व्हय?"

"सात हायत त्ये अकरा करा. तीन हायत त्ये चार करा. मंग म्या सोता धा माणसं बेळगावला घिऊन जातो."

पाटलानं काठीवर भार देऊन ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आधी माणसं. मंग दगूड."

त्या संध्याकाळी वाडा मष्णूच्या अंगणात जमला. मष्णू बोलायला लागला की लोक ऐकायचे. त्यानं पलटणीचं सांगितलं, बुटांचं सांगितलं, साहेबासमोर एका रांगेत सगळ्यांबरोबर उभं राहण्याचं सांगितलं. दगडाचंही सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आन् तुजा परशा?"

आता खरं सांगायचं तर मष्णूनं पोराला जा म्हटलं नाही. परशराम आपणहून उठला. "म्या पयला," म्हणाला. दार धरून उभ्या असलेल्या गुणाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी एकदा नको म्हणा. तुमचं ऐकतोय त्यो."

मष्णूच्या ओठांवर आलं होतं. पण नको म्हटलं असतं तर बाकीचे नऊ उठलेच नसते, आणि तीन तसाच राहिला असता. त्यानं जमिनीकडे बघितलं. गुणाबाई आत गेली.

पाटलानं शब्द पाळला, हे कबूल केलं पाहिजे. दहा जण बेळगावला गेले आणि आठ दिवसांत खानापूरचा वडार छिन्नी घेऊन आला. संगमरवरावरचा आकडा काही पुसता येत नाही. जुना खरवडून खोल करावा लागतो आणि त्या खळग्यात नवा कोरावा लागतो. त्यामुळे अकरा आणि चार हे दोन आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा आत गेले आणि त्यांत धूळ बसायला लागली. मष्णूला त्याचं काही नव्हतं. तो सबंध दिवस पिंपळाखाली उभा होता. वडारानं शेवटची फुंकर मारली, तेव्हा हा ताठ माणूस मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. "आये, बग," म्हणाला, "चौथा. चौथा आपला." इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं. ते खोटं म्हणायची माझी तयारी नाही.

गुणाबाई दगड बघायला गेली नाही.

परशरामाची पत्रं यायची, बापानं शिकवलेल्या अक्षरांत. जेवण बरं आहे, बूट चावतात, आईला सांगा वाकायचं विसरलो नाही. चव्वेचाळीस साली पत्रं थांबली आणि ब्रह्मदेशातून तार आली. वाचता येत असल्याचा मष्णूला पहिल्यांदा राग आला.

गुणाबाईनं भिंतीवरची कोळशाची अक्षरं पुसू दिली नाहीत. बाकी ती कामाला जायची, रांधायची, वाढायची. भांडली असती तर मष्णूला सोसलं असतं. ती भांडली नाही. फक्त महाळ आला, तेव्हा पान मांडून तिनं विचारलं, "ह्ये कुटं ठेवू?"

मष्णू म्हणाला, "दगूड येतोय की. लढाई सरली की येतोय. मागल्यागत."

लढाई सरली. एक वर्ष गेलं, सव्वा वर्ष गेलं. गुंजीला मालगाड्या येत राहिल्या. यावेळी मष्णूनं कुलकर्ण्याच्या कागदाची वाट बघितली नाही. सेहेचाळीसच्या दसऱ्यानंतर कोट चढवला, बिल्ला लावला आणि खानापूरला कचेरीत जाऊन कारकुनासमोर टाचा जुळवल्या. गावाचं नाव सांगितलं. गेलेली दहा नावं सांगितली, आणि कुणी विचारायच्या आधीच मेलेल्याचं नाव सांगितलं. परशराम मष्णू, राहणार महारवाडा. "लिवून घ्या, साहेब. आमचं राहतंय."

कारकून तरुण होता, गांधी टोपी घातलेला. त्याला काही कळेना. मग कळलं तेव्हा तो हसला. वाईट हसला असं नाही. "अहो बाबा, ते मागच्या लढाईचं. ह्या लढाईचे दगड नाहीत. साहेब लोकच आता बोऱ्याबिस्तरा आवरायला लागलेत. दगड कोण पाठवणार?"

"मंग ह्यास्नी कोण मोजणार?"

"कशाला मोजायचं?" कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

मष्णू घरी आला तेव्हा गुणाबाई अंगणात भात पाखडत होती. तिनं विचारलं नाही, तरी त्यानं सांगितलं. यावेळी तो खोटं बोलला नाही. दगड येणार नाही, कधीच येणार नाही, हे त्यानं जसंच्या तसं सांगितलं आणि उंबऱ्यावर बसला.

गुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

"दीराला दगडावर आणायला माजा परशा घातलासा," ती म्हणाली. "आता परशाला आणायला कुणाला घालतासा?"

त्यानंतर मष्णू सात महिने जगला. गुणाबाईनं त्याला वेळेवर भाकरी वाढली, आजारात कूस बदलून दिली, शेवटचं पाणीही तिनंच पाजलं. पण त्या सात महिन्यांत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.